गिअरबॉक्समधलं ताक

लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याला माझं पोस्टिंग निपाणीत होतं. हुद्दा मेहुणा. कमांडिंग ऑफिसर आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या हाताखाली सेकंड-इन-कमांड दाजी, म्हणजे तिचे यजमान. तंबाखूच्या वखारीला लागून त्यांचं घर. दारात दोन बैल, एक बैलगाडी आणि नुकताच आलेला एक ट्रक.

ट्रक मिलिटरीचा. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला. मीही साधारण तसाच निघालेला होतो. ट्रान्सपोर्ट कंपनीत मी ड्रायव्हर-मेकॅनिक होतो, नाईकच्या दोन फिती होत्या, ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर पाच टनी गाड्यांखाली सापासारखा सरपटत जात होतो. घरी आल्यावर आक्काच्या हातच्या भाकऱ्यांनी वर्षभरात माझं असं केलं, की ट्रकखाली अर्धा गेलो आणि पोटापाशी अडकलो. आक्काची पोरं पाय धरून ओढायला तयार उभी. फौजी मामाचा हा पराक्रम गल्लीत दोन दिवस चालला.

ट्रक मला न विचारता घेतलेला. दाजींनी दलालाशी सौदा केला तो बैलबाजारात करतात तसा, रुमालाखाली बोटं धरून. आधी त्यांनी ट्रकच्या भोवती तीन फेऱ्या मारल्या, टायरवर थाप मारली, दिव्यांत डोळे घालून बघितलं. शेपूट नव्हतं म्हणून पिरगाळलं नाही, एवढंच.

"मारुती, चालवून बघ," ते मला म्हणाले. "आवाज येतो का सांग."

मी वेशीपर्यंत नेऊन आणला. "न्हाय येत."

"हां! मांजरागत चालतोय. मी उगंच न्हाय घेतला."

मला तेच खटकलं. ज्या गाडीनं लढाई काढली, तिचा दुसरा गिअर कण्हतो. कण्हलाच पाहिजे. म्हातारं माणूस जिना चढताना मुकाट चढायला लागलं तर घरच्यांनी घाबरावं.

तुम्हां सिव्हिलियन लोकांसाठी एवढंच सांगतो. ड्रायव्हरच्या पायाशी एक लोखंडी पेटी असते, तिला गिअरबॉक्स म्हणतात. तिच्यात दातेरी चाकं जाड तेलात बुडून फिरतात. चढावर ती ट्रकला वर ओढतात आणि उतारावर मागं धरून ठेवतात. भरलेला ट्रक घाटात ब्रेकवर उतरत नाही, गिअरवर उतरतो. ब्रेक तापतात आणि सुटतात. गिअर सुटला तर मग फक्त देव. आसामात कॉन्व्हॉय थांबला असता एका अमेरिकन ड्रायव्हरनं मला सांगितलं होतं, की त्याच्या देशात आता आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी निघाल्यात. मी विचारलं, "तेल पण आपोआप बदलतं?" तो हसला. म्हणाला, नाही, ते कुणीतरी बदलावं लागतं. बदलायचं ते कुणीतरीच. माझा सगळा राग याच वाक्यात आहे.

अष्टमीच्या सकाळी मी तेल बदलायला काढलं. आधी ट्रक फिरवून आणला, कारण गरम तेल घाण बरोबर घेऊन येतं, थंड तेल ती तळाशी ठेवून येतं. अंगणात सपाट जागी उभा केला. चाकांना दगड लावले. आक्काचं घमेलं खाली सरकवलं, ते शेणाचं आहे की चुन्याचं यावर तिच्याशी थोडी चकमक झाली. मग पोट आत ओढून मी खाली गेलो, पाना लावला आणि तळाचा बूच काढला.

तेल आलं. त्याच्या मागून लापशी आली. बोटांत घेऊन चोळली. लाकडाचा भुसा.

ही युक्ती गॅरेजवाल्यांना माहीत असते. दात झिजले, बेअरिंग गेली, पेटी बोंबलायला लागली, की तेलात मूठभर बारीक भुसा घालायचा. चाकांच्या फटीत तो गादीसारखा बसतो. आवाज बंद. गिऱ्हाईक खूश. थोड्या दिवसांत भुसा तेल पितो, चाकं कोरडी पडतात, आणि कुठल्यातरी उतारावर गिअर आपल्या जागेवरून निसटतो.

मी ट्रकखालूनच ओरडायला लागलो. काय ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही, आक्कानं पोरांना आत नेलं एवढं लिहितो.

दाजी खाली वाकले. "काय झालं रं?"

"दाजी, तुम्हांला माणसं मारायची पेटी विकलीय."

"भुसाच हाय न्हवं? काढून टाक. बैलाच्या पोटात बी भुसाच असतोय."

मी बाहेर आलो. हात पुसले. त्यांना म्हणालो, ही पेटी रॉकेलनं धुवायची, नवं तेल घालायचं, मग खरा आवाज काय येतो तो ऐकायचा. बेअरिंग बदलायची की नाही ते त्यानंतर. निपाणीत गिअर ऑइल नव्हतं. बेळगावला कॅम्पात माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, त्याच्याकडं मिळेल.

"मी येईपर्यंत ट्रकला हात लावायचा न्हाय."

"दसऱ्याला सीमोल्लंघन हाय," दाजी म्हणाले. "वखारीतल्या बायांना शब्द दिलाय. तवंदीचा घाट उतरून संकेश्वरापतोर नेतो म्हटलंय."

"हात लावायचा न्हाय."

"बरं बाबा, हवालदार."

"नाईक," मी म्हणालो.

सर्व्हिस मोटर बेळगावकडं निघाली. पेट्रोलची टंचाई अजून होती, मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. मी ढकलत होतो आणि दातओठ खात होतो. काकती आली. रस्त्याच्या कडेला चार माणसं चढली. मी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. काकती सिद्रामचं गाव.

सिद्राम आमच्या कंपनीत लान्स नाईक होता. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, उंचीनं तेवढाच मोठा. घरी कानडी, बाहेर मराठी, रागावला की दोन्ही. मला अण्णा म्हणायचा. बैलगाडी हाकत मोठा झालेला, त्यामुळं ट्रकशी बोलायचा. चढावर "हं, हं, चल माझ्या राजा," उतारावर "हळू, हळू." बाकीचे हसायचे. पण सगळ्या कंपनीत गिअर न वाजवता टाकणारा तो एकटा होता. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत एक पाना होता, मुठीजवळ तांब्याची तार गुंडाळलेला. पहाटे लोखंड गार लागतं म्हणून. तो पाना तो कुणाला देत नसे, मला सोडून.

आमचा दिवस ठरलेला असे. पहाटे रोल कॉल, मग पाणी, तेल, टायर, नट, आणि आठ वाजता गाड्या लाइनीत. एकदा पुराच्या ओढ्यातून कॉन्व्हॉय काढावा लागला. पाणी फूटबोर्डच्या वर होतं. ऑर्डर साधी होती: पाण्यातून गाडी गेली की गिअरबॉक्स आणि ॲक्सलचं तेल काढा, नवं भरा. दुसऱ्या दिवशी मी सिद्रामच्या गाडीचा बूच ढिला केला. बाहेर आलं ते तेल नव्हतं. ताक होतं. पांढरट, पातळ, फेस असलेलं. पाणी शिरलं की तेलाचं असं होतं.

मी वर्कशॉपच्या हवालदार-मेजरकडं गेलो. तो चुन्याची बादली बघत होता. ब्रिगेडियर साहेब इन्स्पेक्शनला येणार होते.

"सर, गाड्यांत पाणी गेलंय. तेल बदलायला हवं."

"पहले पेंट."

"सर, चार ड्रम तेल स्टोअरला पडलंय."

"पेंट, नाईक. मडगार्ड. नंबर प्लेट. व्हील नट सफेद. तेल साहबको दिखता है क्या?"

"दिसत नाही, सर. पण घाट आहे."

त्यानं खिशातून खडू काढला, एकेका मडगार्डवर तेल बदलल्याची खूण केली. तेल बदललं. पुढची गाडी. तेल बदललं. मी तोंड उघडलं. त्याचं बक्षीस म्हणून पाठीवर विटा भरलेलं पॅक घालून मला मैदानात पळवलं. त्याला पिठ्ठू म्हणतात. त्या दिवशी कळलं की माझं शरीर पळण्यासाठी बनवलेलं नाही. सिद्राम मडगार्ड रंगवत होता. मी समोरून गेलो की हळूच म्हणायचा, "हं, हं, चल माझ्या राजा."

इन्स्पेक्शन झालं. ब्रिगेडियर साहेब म्हणाले, फर्स्ट क्लास टर्न-आउट. हवालदार-मेजरला शाबासकी मिळाली. मी म्हटलं, आता तरी तेल. तर त्याच दुपारी कॉन्व्हॉय निघण्याची ऑर्डर आली. पुढं दारूगोळा कमी पडला होता. ते खरं होतं. तेल बदलायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या तिप्पट वेळ आम्ही नटांना पांढरा रंग लावण्यात घालवला होता, हेही खरं होतं.

सिद्रामची गाडी माझ्या पुढं होती. उतारावर सगळ्यांनी दुसरा गिअर टाकला. मधल्या वळणापाशी त्याच्या गाडीनं अचानक उडी घेतल्यासारखा वेग घेतला. मी समजलो. गिअर निसटला होता. परत टाकायला त्यानं दोनदा रेस दिली, ती मला ऐकू आली. मग ब्रेक, मग ब्रेकचा धूर. त्याचा उजवा हात खिडकीतून बाहेर आला आणि मागं हलला. लांब राहा. माझ्यासाठी होता तो सिग्नल.

पुढं वळणावर रस्ता दुरुस्त करणारे मजूर होते. बायकाही होत्या त्यांत. डोंगराच्या बाजूला ते, दरीच्या बाजूला काही नाही. सिद्रामनं गाडी दरीच्या बाजूला घेतली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. गाडी खाली झाडांत सापडली, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये होता. साहेबांनी अर्थ काढला, की ड्रायव्हरनं पेट्रोल वाचवायला उतारावर गिअर काढला. मला विचारलं, "अपघातानंतर तू गिअरबॉक्स उघडून पाहिलास?"

"नाही सर. आधी पाहिला होता. ताक होतं."

"व्हॉट?"

दुभाष्यानं ताक या शब्दाचं काय केलं कुणास ठाऊक, साहेब हसले. मग हवालदार-मेजरनं सांगितलं, की मडगार्डवर खूण होती, तेल बदललेलं होतं. निकाल: ड्रायव्हरची चूक. त्याच्या पिशवीतला पाना माझ्याकडं राहिला, कारण आदल्या संध्याकाळी मी तो मागून नेला होता.

हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. घरी मी पिठ्ठूची गोष्ट सांगायचो. पोरं लोळून हसायची.

कॅम्पातल्या मिस्त्रीनं तेलाचा डबा दिला. परतीची मोटर नवमीला वाटेत बंद पडली, रात्र तिथंच काढावी लागली. दसऱ्याला सकाळी डबा खांद्यावर घेऊन मी गल्लीत शिरलो तर समोर ट्रक उभा. झेंडूच्या माळा, बॉनेटवर स्वस्तिक, मडगार्डना नवा हिरवा रंग. चाकांचे नट पांढरे. पांढरे! वर वखारीतल्या बाया आणि त्यांची पोरं दाटीवाटीनं बसलेली. दाजी स्टिअरिंगवर, डोक्याला फेटा. इंजिन चालू.

"आलास व्हय!" दाजी ओरडले. "चढ वर. नारळ फुटला!"

"तेल कुठलं घातलं?"

"घातलं की."

"कुठलं, दाजी?"

"वंगण."

वंगण म्हणजे बैलगाडीच्या आसाला घालतात ते. एरंडेल आणि राख. गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात ते असतं, चाक करकरलं की बोटानं लावायचं. आमच्या भागात हजार वर्षं चाकं त्यावर फिरलीत. दाजींनी बाजूच्या भोकातून ते बोटाबोटानं आत कोंबलं होतं, अगदी मनापासून, आसाला घालतात तसं.

"आणि बूच?"

"लावलाय की घट्ट. हातानं. काथ्या गुंडाळून."

"हातानं का?"

"पाने पूजेला ठेवल्यात न्हवं. खंडेनवमीची पूजा. उठेपर्यंत हत्यार हलवायचं न्हाय, तुझ्या आक्कानं सांगितलंय."

मी डबा खाली ठेवला. खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं.

"उतरा," मी वर बघून म्हणालो. "सगळ्याजणी. पोरं आधी."

वरून गंगव्वा बोलली. तिची जीभ सगळ्या वखारीत नावाजलेली. "का रं फौजी? दाजीनं तुला सोडून आमाला फिरवायला काढलं म्हणून पोटात दुखतंय व्हय? एवढ्या पोटात दुखणं मावतंय बी म्हणा."

सगळ्या हसल्या. एरवी मीही हसलो असतो.

दाजी खाली उतरले. त्यांचा चेहरा लाल. "चारचौघांत माझा पाणउतारा करतोस? मुहूर्त हाय. नवी गाडी हाय. नारळ फुटल्यावर उभी ठेवायची व्हय?"

पाठीवर पडलो आणि ट्रकखाली गेलो. पोट अडकलं नाही. त्या दिवशी कशालाच अडकलं नाही. बूच दोन बोटांनी धरला आणि फिरवला. फिरला. नळाची चावी फिरावी तसा. आक्कानं काढलेल्या रांगोळीवर राखाडी वंगण गोळ्यागोळ्यांनी पडायला लागलं, त्यात अजून भुसा होता. खाली धातूचे बारीक कण चमकत होते. दात.

मी बाहेर आलो, तो बूच दाजींच्या तोंडासमोर धरला आणि ओरडलो. सगळं ओरडून सांगितलं. ओढा सांगितला, ताक सांगितलं, खडूची खूण, पांढरे नट, न्यूट्रल. खिडकीतून मागं हलणारा हात सांगितला. रस्त्यावरच्या बाया सांगितल्या. "तुम्ही घाटात मेला असता, दाजी, आणि लोक म्हणाले असते ड्रायव्हरची चूक! रंग किती झ्याक दिलाय म्हणाले असते! ज्यानं भुसा घातला त्याला कुणी विचारलं नसतं! सिद्रामला पण असंच मारलं त्यांनी, नटांना रंग लावून मारलं!"

मिलिटरीत माझा आवाज परेडला कधी पुरत नसे. त्या दिवशी वखारीच्या पलीकडं गेला म्हणतात.

गंगव्वा आधी उतरली. तिनं आपल्या नातवाला काखेत घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "बगताय काय गं? उतरा की."

दाजींनी फेटा काढला. फूटबोर्डवर बसले. म्हणाले, "मला भुश्याचं ठावं न्हवतं रं."

"मी सांगितलं होतं."

"व्हय. सांगितलंतंस." त्यांनी फेटा मांडीवर ठेवला. "मला वाटलं, तू मिलिटरीतला, उगंच भ्या घालतोस."

तेवढ्यात आक्का आतून आली. मी बूच हातात धरून उभा होतो, तो पान्याशिवाय आवळता येणार नव्हता. पूजा अजून उठलेली नव्हती, समई तेवत होती, मला दारातून दिसत होती. आक्काच्या घरात हे नियम कुणी मोडत नाही. तिच्या हातात पाना होता. तांब्याची तार गुंडाळलेला, त्यावर हळद, कुंकू, एक शेवंतीचं फूल अडकलेलं. माझ्या पिशवीतनं काढून तिनं तो इतर हत्यारांबरोबर पाटावर मांडला होता. कुणाचा ते तिला माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

"घे," ती म्हणाली. "आवळ नीट."

दुपारभर पेटी रॉकेलनं धुतली. पहिल्यांदा भुसा आला, दुसऱ्यांदा राख, मग काळं पाणी, मग स्वच्छ रॉकेल. बूच पुसला, आवळला. बाजूच्या भोकातून तेल भरत गेलो, ते भोकाच्या ओठावर येऊन थेंब खाली पडेपर्यंत. तेच माप असतं. डबा दाजी धरून बसले होते. इंजिन चालू केलं, दुसरा गिअर टाकला, आणि ट्रक असा कण्हला की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले.

"आता कळलं," दाजी म्हणाले. "म्हातारा हाय."

त्या दसऱ्याला सीमोल्लंघन आम्ही सगळ्यांनी पायी केलं, गावाच्या वेशीपर्यंत. बेअरिंग आणि दुसऱ्या गिअरचं चाक कॅम्पातून आणून बसवायला दिवाळी उलटून गेली. दलालाला शोधायला मी आणि दाजी दोनदा गेलो. तो सापडला नाही. सापडला नाही ते त्याच्या हाडांच्या दृष्टीनं बरं झालं.

ट्रक नीट झाल्यावर पहिली फेरी तवंदीचा घाट उतरून, संकेश्वर ओलांडून काकतीला केली. सिद्रामची आई ओसरीवर शेंगा फोडत होती. गावात बातमी पोचलेली होती, कुणीतरी सुट्टीवर येऊन सांगून गेलं होतं, की पोरानं उतारावर गिअर काढला म्हणून गेला. मी तिच्यापुढं पाना ठेवला. पुसलेला नव्हता, हळद तशीच होती.

"आई, गिअर त्यानं काढला नव्हता."

तिनं पाना उचलला. तारेवरून अंगठा फिरवला.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "त्यो उतारावर बैलाचा कासरा बी कधी सोडत न्हवता."

मग पाना माझ्या हातात परत दिला. म्हणाली, इथं गंजून जाईल, वापरात राहू दे.

तेव्हापासून आमच्या घरी आधी तेल बदलतं, मग पूजा होते. आक्कानं नियम केलाय. मडगार्डचा हिरवा रंग उडत चाललाय, दाजी पुन्हा लावत नाहीत.

लान्स नाईक सिद्राम. गाव काकती. त्या उतारावर त्याची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. मी मागं होतो, मी पाहिलं आहे.